इलेक्ट्रिक फायरप्लेस हीटर : काय अपेक्षा ठेवावी आणि कसा वापरावा

सन्माननीय ग्राहक,

सप्रेम नमस्कार. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली आणि द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटू लागल्या, की नाशिकमधल्या आमच्या दुकानात इलेक्ट्रिक फायरप्लेसची चौकशी वाढते. चौकशीला येणाऱ्या अनेकांनी तो एखाद्या हॉटेलात किंवा परदेशातील नातेवाइकांच्या घरी पाहिलेला असतो, आणि त्याने सगळे घर उबदार होईल अशी त्यांची समजूत असते. या समजुतीने हीटर घरी नेला तर पहिल्याच आठवड्यात निराशा पदरी येते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी हे माहितीपत्रक शांतपणे वाचावे अशी आमची विनंती आहे.

पूरक ऊब म्हणजे किती ऊब?

अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या फायरप्लेसच्या खोक्यावर १५०० वॅट आणि ४०० चौरस फूट असे आकडे बहुधा शेजारी-शेजारी छापलेले असतात. तिकडे घराला मूळ ऊब सेंट्रल हीटिंगकडून मिळत असते आणि फायरप्लेस फक्त बसण्याच्या खोलीत दोन-चार अंशांची भर घालतो; ४०० चौरस फुटांचा हिशेब त्या भरीचा आहे. आपल्याकडे मूळ ऊब देणारी कोणतीही यंत्रणा नसते, खिडक्या सरकत्या असतात, त्यांच्या फटींतून आणि दाराखालून पहाटेचा गारठा आत येतच राहतो. त्यामुळे आम्ही ढोबळमानाने चौरस फुटाला १० वॅट असा हिशेब धरतो. १२ बाय १२ फुटांच्या, दार लावता येणाऱ्या खोलीला १५०० वॅटचा हीटर व्यवस्थित पुरतो. हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर एकमेकांना उघडी असतील तर तोच हीटर रात्रभर चालवूनही समाधान होणार नाही, आणि अशा घरासाठी तो घेऊ नये असे आम्ही दुकानातच सांगतो.

खोलीची तयारी केल्यास फरक लगेच जाणवतो. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी लावावी, खिडकीवर जाड पडदा सोडावा आणि गार फरशीवर सतरंजी अंथरावी. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात त्या दोन तासांसाठी, किंवा आजी-आजोबांच्या सकाळच्या चहाच्या वेळेपुरता, असा त्याचा वापर ठेवला तर हे उपकरण मनापासून आवडते.

आत काय असते

ज्योत आणि उष्णता ही दोन कामे आतमध्ये पूर्णपणे वेगळी असतात. बहुतेक मॉडेलमध्ये खोट्या ओंडक्यांच्या मागे चकचकीत पत्र्याच्या पाकळ्या लावलेली एक सळई संथपणे फिरत असते. एलईडीचा प्रकाश तिच्यावरून परावर्तित होऊन पडद्यावर पडतो आणि ज्वाळा हलल्याचा भास होतो. एवढ्यासाठी एखाद-दोन दिव्यांइतकीच वीज लागते, म्हणून उष्णतेची कळ बंद ठेवून नुसती ज्योत बारा महिने लावता येते. उष्णता मात्र वेगळ्या तापतारेतून किंवा सिरॅमिक तापपट्टीतून येते आणि पंखा ती जाळीतून बाहेर ढकलतो. काच फारशी तापत नाही, पण ही जाळी चांगलीच तापते. लहान मुले काचेला हात लावून निर्धास्त होतात आणि मग जाळीकडे वळतात, त्यामुळे मूल रांगते किंवा नुकते चालू लागलेले असेल तर हीटर भिंतीवर उंच बसवावा.

आत काहीच जळत नसल्यामुळे खोलीतला प्राणवायू हीटर वापरत नाही आणि धूरही होत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याची सवय अजूनही काही घरांत आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि त्याने झोपेतच माणसे दगावतात. ती सवय मोडण्यासाठी कोणी हीटर नेत असेल तर आम्हाला फार बरे वाटते. हवा कोरडी होते ही तक्रार मात्र खरी आहे. हीटर हवेतले पाणी काढून घेत नाही, परंतु १२ अंशांना ७० टक्के आर्द्रता असलेली हवा २२ अंशांपर्यंत तापवली की तीच आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते, आणि घसा व ओठ सुकतात. खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवल्याने थोडा आराम पडतो. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारी कळ, २० अंशांवर ठेवणे त्याहून उपयोगी आहे.

विजेचे बिल

१५०० वॅटचा हीटर पूर्ण क्षमतेने दोन तास चालला तर तीन युनिट जळतात, म्हणजे महिन्याला ९० युनिट. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्या घराचा वापर एरवी २८० युनिट आहे तो ३७० वर जाईल, आणि ३०० च्या वरच्या ७० युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागेल. थर्मोस्टॅट मध्येच हीटर बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमी येतो.

साधा रॉडचा हीटर, ऑइल हीटर आणि फायरप्लेस हे तिन्ही एका युनिटमधून सारखीच उष्णता देतात. महाग मॉडेल कमी वीज खाते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी मात्र बाहेरची उष्णता आत ओढून आणतो आणि आपल्याकडच्या थंडीत एका युनिटमागे साधारण तिप्पट ऊब देतो. शयनगृह रात्रभर उबदार ठेवायचे असेल तर तोच घ्यावा, मग आमची एक विक्री गेली तरी चालेल.

वायरिंग, प्लग आणि जागा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह खेचतो, म्हणून त्याला मोठ्या तीन पिनांचा पॉवर पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चालू अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवा. दिव्याच्या बोर्डावरचा छोटा पॉइंट, मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड यांवर तो कधीही लावू नये. गेल्या हिवाळ्यात एका ग्राहकांकडे हीटर मध्येच बंद पडतो म्हणून आम्ही गेलो, तेव्हा हीटर ठणठणीत होता. सॉकेटचे एक भोक तपकिरी पडून वितळले होते आणि पिनेवर काळी कड चढली होती. सैल बसणाऱ्या पिनेमुळे हे घडते. हीटर अर्धा तास चालल्यावर कळ बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तर हरकत नाही, चटका बसला तर सॉकेट बदलल्याशिवाय हीटर पुन्हा सुरू करू नये.

गीझर आणि हीटर सकाळी एकाच वेळी चालू ठेवल्यास जुन्या घरांत मुख्य एमसीबी पडतो. एकामागून एक वापरावेत. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ८०० ते १००० व्हीएचा असतो, तो हा भार पेलू शकत नाही, म्हणून हीटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर नसल्याची खात्री करावी.

मुलाने किंवा मुलीने अमेरिकेहून पाठवलेला फायरप्लेस बसवून द्या, अशी विनंती दरवर्षी एखादे तरी कुटुंब करते. तो १२० व्होल्टचा असतो. येथील २३० व्होल्ट मिळाले की १५०० वॅटची तापतार साडेपाच हजार वॅटच्या घरात वीज ओढू लागते आणि पाहता पाहता जळते. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, त्यामुळे असे काम आम्ही हात जोडून नाकारतो.

हीटरच्या समोर निदान तीन फूट मोकळे असावेत; पडदा, सोफा, गादी त्या अंतरात येऊ देऊ नये आणि दुपटी किंवा मोजे वाळवण्यासाठी जाळीवर टाकू नयेत. टीव्ही युनिटमध्ये बसवायचा असल्यास सुताराने काम सुरू करण्यापूर्वी आमच्याकडून मापे न्यावीत, कारण गरम हवेच्या तोंडाशी लॅमिनेट आले तर डिंक मऊ होऊन ते सुटते. सर्वांना झोप लागण्यापूर्वी हीटर बंद करून प्लग काढावा.

पावसाळ्यानंतर

चार महिने बंद राहिलेल्या हीटरमध्ये धूळ साचते, आणि पालीची अंडी किंवा मुंग्यांची माती निघाल्याचेही आम्ही पाहिले आहे. दिवाळीच्या साफसफाईत प्लग काढून जाळी मऊ ब्रशने झाडावी. त्यानंतर पहिल्यांदा लावल्यावर पाच-दहा मिनिटे धूळ तापल्याचा वास येतो, तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवावी. वास प्लास्टिक जळल्यासारखा असेल तर मात्र लगेच बंद करून आम्हाला कळवावे. ज्योतीमागून टकटक ऐकू येणे ही किरकोळ बाब आहे; फिरती सळई साफ केली की आवाज थांबतो.

आमचा वायरमन बसवायला येईल तेव्हा तो आधी अर्थिंग, एमसीबी आणि पॉइंटची वायर पाहील. वायर बारीक निघाली तर ती बदलून होईपर्यंत हीटर जोडला जाणार नाही; तोवर खोके आमच्याकडे ठेवून घेण्याची आमची तयारी आहे.