शून्यात बघून बोला

कॅव्हेंडिशशी बोलायचं असेल तर त्याच्याकडे बघू नका, शून्यात बघून बोला, मग कदाचित स्वारी बोलती होईल. हा सल्ला होता विल्यम वुलस्टन यांचा, म्हणजे पॅलेडियम शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचा.

इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश (1731–1810) यांनी 1797-98 मध्ये क्लॅपमच्या घरी पृथ्वीची घनता मोजली. सुमारे 158 किलोचे शिशाचे दोन गोळे, त्यांच्या ओढीने किंचित वळणारी, बारीक तारेला टांगलेली दांडी, आणि झुळूकही लागू नये म्हणून स्वतः खोलीबाहेर उभं राहून दुर्बिणीतून घेतलेल्या नोंदी. उत्तर आलं पाण्याच्या 5.48 पट. आजचा आकडा 5.51.

हाच माणूस घरातल्या मोलकरणींना तोंड दाखवायला कचरायचा. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा. एकदा जिन्यात बाई समोर आली, तर म्हणे मागच्या बाजूला दुसरा जिनाच बांधून घेतला! कोट जुन्या धाटणीचा, विटक्या जांभळ्या रंगाचा. गुरुवारी शास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटी क्लबच्या जेवणाला मात्र हजर.

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना 2001 मध्ये या वागण्यात ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) छटा दिसल्या. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान करायचं म्हणजे जरा धाडसच. पण मला जास्त रस आहे तो वुलस्टन यांच्या सल्ल्यात. कॅव्हेंडिशना सुधारायला कोणी गेलं नाही, बाकीच्यांनी आपली बोलण्याची रीत बदलली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 मध्ये त्यांनी नेमकं हेच मांडलं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. अडचण दोन्हीकडून असते.

इंग्रज लोक विक्षिप्तपणाचं कौतुक करतात खरं, पण कॅव्हेंडिश दोन ड्यूकांचे नातू होते आणि गडगंज श्रीमंत होते. दुसरा जिना बांधायला पैसे लागतात. त्याच इंग्लंडने 1913 मध्ये ‘मनोदुर्बल’ ठरवलेल्यांना संस्थांमध्ये डांबण्याचा कायदा केला, आणि तो 1959 पर्यंत चालला.

इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी 2009 मध्ये वेगळा कायदा झाला. तरी 2020 च्या सरकारी आकडेवारीनुसार ब्रिटनमधल्या ऑटिस्टिक प्रौढांपैकी जेमतेम 22 टक्के लोक नोकरी-धंद्यात होते. नोकरीच्या मुलाखतीत नजरेला नजर देऊन बोलावं, ही अपेक्षा अजून तशीच आहे.