लॉजने, दुकानाने दारातून परत पाठवलं तर : ट्रान्स व्यक्तींनी गोव्यात तक्रार कशी करावी

माझ्या एका ट्रान्स मैत्रिणीला म्हापशात एका लॉजवर "रूम नाही" म्हणून परत पाठवलं. काउंटरमागच्या फळीवर सात किल्ल्या लटकत होत्या. तिने त्या मोजल्या होत्या. तक्रार लिहायला बसलो तेव्हा हीच मोजणी सगळ्यात जास्त कामाला आली.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ च्या कलम ३ नुसार लॉज, हॉटेल, दुकान, दवाखाना, कदंब (गोव्याची सरकारी) बस अशी सर्वांना खुली असलेली सेवा नाकारता येत नाही. भाड्याची खोली नाकारणंही त्यातच आलं. ट्रान्सजेंडर ओळखपत्र असलंच पाहिजे, अशी अट या कलमात नाही. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवलं तर कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे.

पहिला अर्ज त्या आस्थापनेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने १५ दिवसांत चौकशी करायची आणि अहवालावर प्रमुखाने पुढच्या १५ दिवसांत कारवाई करायची. "असा कोणी अधिकारी आमच्याकडे नाही" म्हणाले, तर अर्ज मालकाच्या नावे द्या. दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती सांभाळा.

पोलीस ठाण्यात बहुतेक जण अडकतात ते इथे: कलम १८ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच असल्याने हा गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत. त्यामुळे एफआयआर नव्हे, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात. म्हणून हिरमुसून परतू नका. एनसीची प्रत मागून घ्या. तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो मागता येतो. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा.

अर्ज मराठीत चालतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे. सोबत ओळखीच्या पुराव्याची झेरॉक्स, बुकिंगचा मेसेज किंवा तिकीट, सोबत असलेल्याचं नाव आणि फोन जोडा. वेळ, जागा आणि समोरचा नेमकं काय बोलला ते त्याच रात्री लिहून ठेवा. "अपमान झाला" एवढंच लिहू नका. मैत्रिणीच्या अर्जात पहिलंच वाक्य होतं: "फळीवर सात किल्ल्या होत्या आणि मला रूम नाही असं सांगण्यात आलं."