सुट्टीत मागे पडलेले शरीराचे घड्याळ

शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री बहुतेक घरांत एकच बेत असतो: मुलांना लवकर जेवू घालायचे आणि नऊच्या ठोक्याला दिवा मालवायचा. दप्तर भरून दाराशी ठेवलेले असते. तरीही साडेदहा वाजले तरी मूल टक्क जागे असते. कधी त्याला तहान लागते, कधी पांघरूण नकोसे होते, कधी उद्या कोणाशेजारी बसायचे हा प्रश्न पडतो. सकाळी मात्र तेच मूल एक मोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या पुन्हा झोपी जाते. मोठ्यांना रात्रीचे जागणे हट्ट वाटते आणि सकाळचे पेंगणे आळस वाटते. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे: मुलाच्या शरीरातले घड्याळ सुट्टीत मागे पडलेले असते.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचा एक जोडपुंजका आहे आणि झोप, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके यांचे दिवसभराचे चक्र तो चालवतो. या घड्याळाची एक खोड आहे. प्रौढ माणसांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मोजणीत त्याचा एक फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजेच त्याला रोज कोणी जुळवून दिले नाही, तर ते हळूहळू मागे पडत जाते. जुळवून देण्याचे काम उजेड करतो. डोळ्यांच्या दृष्टिपटलात मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या काही खास पेशी असतात. आसपास किती उजेड आहे याची खबर या घड्याळाला देणे हे त्यांचे मुख्य काम. सकाळचा उजेड घड्याळ पुढे नेतो, तर संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. सुट्टीत मूल उशिरा उठते तेव्हा सकाळचा उजेड हुकतो, आणि रात्री उशिरापर्यंत दिव्यांत, पडद्यांसमोर बसते तेव्हा नको तो उजेड जास्त मिळतो. काही आठवड्यांत दीड-दोन तासांचा फरक सहज पडतो.

मग त्या रात्री नऊ वाजता दिवा मालवून का भागत नाही? जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन हे रसायन साचत जाते आणि झोपेचा दाब वाढत जातो. हा दाब एकटाच असता तर मूल संध्याकाळीच आडवे झाले असते. तसे होऊ नये म्हणून घड्याळ दिवसाच्या शेवटी जागे राहण्याचा इशारा अधिकाधिक जोरात देत राहते आणि नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत तो सर्वांत तीव्र असतो. पेरेट्झ लॅव्ही या इस्रायली संशोधकाने १९८६ साली हे फार सुरेख रीतीने दाखवले. त्याने प्रयोगात सहभागी झालेल्यांना दिवसरात्र सात मिनिटे झोपायचा प्रयत्न आणि तेरा मिनिटे जागरण अशा क्रमात ठेवले. रात्रभर जागलेल्या माणसांनाही संध्याकाळच्या त्या ठरावीक वेळेत झोप लागणे कठीण गेले. लॅव्हीने या वेळेला झोपेचे ‘निषिद्ध क्षेत्र’ म्हटले. त्यानंतर मेलाटोनिन हे रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक वाढू लागते आणि मगच झोपेचे दार उघडते. सुट्टीभर अकराला झोपणाऱ्या मुलाला नऊला निजवणे म्हणजे नेमके या बंद दारासमोर नेऊन उभे करणे होय.

सकाळची बाजू याहून बिकट असते. आपले तापमान नेहमीच्या जागे होण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत खाली उतरते. साडेआठला उठणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही वेळ सहाच्या सुमारास येते आणि गजर नेमका त्याच वेळी वाजतो. शिवाय या नीचांकाच्या आधी डोळ्यांवर पडलेला प्रखर उजेड घड्याळाला पुढे नेण्याऐवजी आणखी मागे ढकलतो. म्हणून एका दिवसात दोन-अडीच तासांची उडी मारण्यापेक्षा, आठ-दहा दिवस आधीपासून उठण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणत जाणे आणि उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात जाणे अधिक फलदायी ठरते. सुरुवात उठण्यापासून करावी. झोपण्याची वेळ मागोमाग येते. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. रात्री मात्र दिवे मंद हवेत, कारण मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यांतली भिंगे स्वच्छ असतात. त्याच दिव्याने त्यांचे मेलाटोनिन प्रौढांपेक्षा जास्त दबते.

किशोरवयीन मुलांची अडचण वेगळी आहे. वयात येताना घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते, हे अमेरिकी झोप-संशोधक मेरी कार्स्काडन यांच्या १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनातून पुढे आले. या वयाला रात्री आठ ते दहा तासांची झोप लागते, पण शाळेची वेळ त्याआधीच त्यांना उठवते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ वर नेली. मुले तेवढीच उशिरा झोपतील, अशी शंका अशा बदलांबाबत नेहमी घेतली जाते. प्रत्यक्ष मोजमापात शाळेच्या दिवसांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. शाळेची वेळ ठरवणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर ठेवूनच चर्चा करावी, असे मला मनापासून वाटते.

झोपेचा हा हिशेब थेट अभ्यासाशी जोडलेला आहे. दिवसा शिकलेल्या गोष्टी मेंदू गाढ झोपेत पुन्हा उजळतो आणि पक्क्या करतो. सुट्टीत मुले काही गोष्टी विसरतात हेही खरे. हॅरिस कूपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ही घसरण सरासरी महिनाभराच्या शिक्षणाएवढी निघाली आणि वाचनापेक्षा गणितात जास्त दिसली. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात, अर्धवट झोपेतल्या मुलांची चाचणी घेऊन फारसे काही कळत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, विसरून आणि पुन्हा पाठ करून वेळ मोजली होती. मुळीच न आठवणारी यादीही दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत होता. गेल्या वर्षीचा भागाकार जूनमध्ये अडला तरी तो पुसला गेलेला नसतो, आणि थोड्या उजळणीने, पुरेशी झोप झालेल्या मुलाला तो पहिल्या वेळेपेक्षा लवकर जमतो.