मृदसंधारण आणि छोटे शेतकरी (ठाणे जिल्हा)

शेतातली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून जे काही करतात ते मृदसंधारण, म्हणजे बांधबंदिस्ती, उतारावर मजगी (पायऱ्यांसारखी सपाट खाचरं), सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), बांधावर वाळा नाहीतर गिरीपुष्प लावणं वगैरे. सरकारी हिशोबात १ हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्पभूधारक आणि १ ते २ हेक्टरवाला अल्पभूधारक, आणि हे लोक असले उपाय कधी करतात नि कधी टाळतात ते बघायचं तर मुरबाड-शहापूरला जावं, खाली भाताची खाचरं, वर उतारावर वरकस म्हणजे हलक्या जमिनीत नाचणी-वरी आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये.

शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही असं मीटिंगमध्ये हमखास म्हणतात, ते काय पटत नाही. ओढा लाल झाला की कोणाची माती चाललीय हे गावात सगळ्यांना कळतं. गाडी अडते मजुरीवर. खेकडे बांधाला भोकं पाडतात, एका जोराच्या सरीत खांड पडते म्हणजे बांध फुटतो आणि वरच्या खाचराचं पाणी खालच्याची नुकती लावलेली रोपं घेऊन जातं, मग दोघांची भांडणं. डागडुजी करायची एप्रिल-मेमध्ये, नेमकी तेव्हाच कातकरी मजूर कुटुंबं वीटभट्टीवर असतात आणि घरातला पोरगा आसनगावहून पहाटेची लोकल पकडून कामाला गेलेला असतो, म्हणजे घमेलं उचलणार ते म्हातारा-म्हातारी.

दुसरी गोष्ट सातबारा. नाव अजून आजोबांचं नाहीतर खातं सामायिक, चार चुलत्यांच्या सह्या जमल्याशिवाय योजनेचा कागद हलत नाही. खंडाने कसणाऱ्याला पुढच्या साली ही जमीन मिळेल का तेच माहीत नसतं, तो कशाला दगड रचेल? डोंगरावरच्या वनजमिनीचंही तेच, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळेपर्यंत बांध घालणं म्हणजे दुसऱ्याच्या घराला रंग देणं. आणि भिवंडीकडे गोदामं, समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आलेला, त्यामुळे उद्या प्लॉट पाडायचेत त्या जमिनीत आज कोण पैसा घालतो.

खाडीकाठी गणित वेगळं. नवी मुंबईच्या पट्ट्यात सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७०) यायच्या आधी खारजमिनीत भात व्हायचं, तिथे बांध आणि उघाडी (खाडीचं पाणी अडवणारी दारं) सगळ्यांची मिळून, कारण एकाने आळस केला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात.

जे उपाय लोक पटकन उचलतात ते बहुतेक वेळा मातीसाठी नाही, खर्च वाचतो म्हणून. शेजारच्या रायगडात नेरळला तयार झालेली सगुणा राईस टेक्निक घ्या, गादीवाफे एकदा करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. माती टिकते हा फायदा आहेच पण शेतकरी आधी लावणीची मजुरी वाचली तेच सांगतो, आणि पाठोपाठ तक्रार पण की तण फार माजतं, तणनाशकाची फवारणी चुकली तर बेणणीला परत माणसं शोधायची.