पाच डॉलरच्या तिकिटामागे: फुगाझीची पार्श्वभूमी

फुगाझी या अमेरिकन पंक बँडचा विषय निघाला की त्यांच्या मैफलींच्या पाच डॉलरच्या तिकिटाची गोष्ट निघतेच. पाठोपाठ येते ती बड्या रेकॉर्ड कंपन्यांना दिलेल्या नकाराची. चार हट्टी माणसांनी तत्त्व म्हणून हे सगळं ठरवलं असेल, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात बँड जन्मायच्या सात वर्षं आधीपासून वॉशिंग्टन डी.सी.मध्ये या नियमांची घडण चालू होती. मूळ अडचण अगदी साधी होती. पोरांना गाणं ऐकायचं होतं आणि वय कमी म्हणून क्लबात शिरता येत नव्हतं.

1980 साली डी.सी.तला ‘टीन आयडल्स’ हा कोवळ्या पोरांचा बँड कॅलिफोर्नियाला जाऊन आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबने त्यांना आत घेतलं, पण बारवर दारू मिळू नये म्हणून हातांवर काळी फुली मारली. हीच युक्ती त्यांनी घरी परतल्यावर तिथल्या क्लबांपुढे ठेवली: आमच्या हातावर खूण करा, दारू देऊ नका, पण गाणं ऐकू द्या. तो बँड वर्षभरातच मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सहाएकशे डॉलर वाटून घेण्याऐवजी त्यांनी स्वतःचीच रेकॉर्ड काढली, आणि त्यासाठी इयन मकाय व जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड ही कंपनी सुरू केली.

कंपनी म्हणजे काय, तर मित्रमंडळी. रेकॉर्डची वेष्टनं कशी बनतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी एक तयार वेष्टन उकलून त्याचा आराखडा उतरवला. मग छापील कागद कात्रीने कापायचे, घड्या घालायच्या, गोंदाने चिकटवायचे. पहिल्या हजार प्रती अशा हाताने तयार झाल्या. मुखपृष्ठावर फुल्या मारलेल्या दोन मुठी आहेत. पुढे डिस्कॉर्डने फक्त आपल्या शहरातले बँड घेतले, कुणाशी कागदोपत्री करार केला नाही, आणि नफा बँडसोबत वाटून घेतला. ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागू नयेत म्हणून टपालखर्चासह किंमत रेकॉर्डवरच छापली जाई.

मकायचा पुढचा बँड ‘मायनर थ्रेट’ 1983 साली संपला. तोवर हार्डकोरच्या, म्हणजे पंकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकाराच्या, मैफलींत मारामारी नित्याची झाली होती, आणि ज्यांनी ही चळवळ उभी केली तीच मंडळी तिला विटली होती. 1985च्या उन्हाळ्यात काही जुन्या-नव्या बँडांनी वेगळी वाट धरली. त्यातल्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’मध्ये गी पिचोटो गात असे आणि ब्रेंडन कँटी ड्रम वाजवत असे. ‘पॉझिटिव्ह फोर्स’ ही कार्यकर्त्यांची संघटनाही त्याच वर्षीची. फुगाझीचा स्वभाव मला या उन्हाळ्यातच दिसतो.

3 सप्टेंबर 1987 रोजी डी.सी.तल्या विल्सन सेंटरमध्ये मकाय, कँटी आणि बासवादक जो लॅली यांनी फुगाझीचा पहिला कार्यक्रम केला. पिचोटो थोडा नंतर आला, तोही सुरुवातीला गिटार न घेता, नुसता गायला. 1988च्या फिलाडेल्फियातल्या एका चित्रफितीत तो बास्केटबॉलच्या कड्यात उलटा लटकून गाताना दिसतो. संगीतात लॅलीच्या बासला रेगे या जमैकन संगीताची डूब होती. ‘वेटिंग रूम’ हे गाणं तर बासनेच सुरू होतं, जोर धरतं आणि एकदम थांबतं. काही क्षण संपूर्ण शांतता, मग तोच बास पुन्हा. एवढ्या आक्रमक संगीतात थांबण्याची ही हिंमत मला आजही थक्क करते.

आता तिकिटाचं गणित. मॅनेजर नाही, कार्यक्रम मकाय स्वतः ठरवणार. प्रवास व्हॅनने, मुक्काम ओळखीच्यांच्या घरी. कार्यक्रम शक्यतो अशा जागी जिथे कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश मिळेल. टी-शर्ट विकायचेच नाहीत. एवढं सांभाळलं की पाच डॉलर पुरत. नंतरच्या वर्षांत कुठे कुठे तिकीट थोडं वाढलं, पण हट्ट सुटला नाही. प्रेक्षकांत कुणी दुसऱ्यांच्या अंगावर जाऊ लागला तर मकाय गाणं थांबवून त्याला समज देई. ऐकलं नाही तर तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर काढलं जाई. हॉलमध्ये आलेल्या मुलींना, बारक्या पोरांना पुढे उभं राहता यावं, हाच त्यामागचा हेतू होता.

आपल्या शहरात ते फुकट किंवा एखाद्या कामाच्या मदतीसाठीच वाजवत. 12 जानेवारी 1991 रोजी, आखाती युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, त्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये युद्धविरोधी मैफल केली.

त्याच वर्षाअखेर ‘निर्व्हाना’ या बँडच्या यशानंतर बड्या कंपन्या असे बँड शोधत फिरू लागल्या. फुगाझीने कुणालाच दाद दिली नाही. डिस्कॉर्डसारखं स्वतःचं दुकान असल्याचा खरा उपयोग 1993च्या ‘इन ऑन द किल टेकर’ या अल्बमच्या वेळी दिसला. शिकागोत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे केलेलं ध्वनिमुद्रण पसंत पडलं नाही, तर ते बाजूला ठेवून त्यांनी आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत सगळं नव्याने केलं. वरून तारीख लादणारा कुणी नव्हता.

2001च्या ‘द आर्ग्युमेंट’ या अल्बमनंतर नोव्हेंबर 2002मध्ये लंडनला शेवटच्या मैफली झाल्या. बँड मोडल्याची घोषणा झालेली नाही, तो फक्त थांबला आहे. मकाय पुढे एमी फरीनासोबत ‘द इव्हन्स’मध्ये गायला, लॅली आणि कँटी ‘मेस्थेटिक्स’मध्ये एकत्र आले. हजाराहून अधिक मैफलींपैकी आठशेहून जास्त मैफलींची ध्वनिमुद्रणं त्यांनी जपून ठेवली होती. डिसेंबर 2011पासून ती इंटरनेटवर विक्रीला आहेत, गाण्यांमधली बोलणी आणि प्रेक्षकांना दिलेल्या तंब्यांसकट. फुगाझी ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी ‘13 साँग्ज’ हा अल्बम ऐकावा आणि लगेच त्याच काळातली एखादी मैफल.