शुक्राचा रडार नकाशा

शुक्राभोवती गंधकाम्लाच्या ढगांचे अखंड आवरण आहे. दुर्बिणीला दिसतो तो या ढगांचा पिवळसर माथा. रेडिओलहरी मात्र ढगांतून आरपार जातात, म्हणून ग्रहाची जमीन रडारनेच मोजावी लागली. सोव्हिएत व्हेनेरा-१५ व १६ यानांनी १९८३-८४ मध्ये उत्तरेकडचा सुमारे चौथा हिस्सा टिपला; जवळजवळ पूर्ण नकाशा दिला तो नासाच्या मॅगेलनने (१९९०-९४).

मॅगेलनची ३.७ मीटर व्यासाची तबकडी व्हॉयेजर मोहिमेतून उरलेली होती. यान शुक्राजवळून जाताना ती तिरकी खाली रोखलेली असे. दूर गेल्यावर तीच पृथ्वीकडे वळवून माहिती धाडली जाई. सव्वातीन तासांच्या प्रत्येक फेरीत सुमारे २० किमी रुंद आणि १६,००० किमीहून लांब अशी शेवयीसारखी पट्टी मिळे. शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात, त्यामुळे पट्टीला पट्टी लागत गेली आणि अखेरीस ९८ टक्के पृष्ठभाग भरून निघाला.

यानाने सोडलेल्या रेडिओलहरी जमिनीवर आपटून परततात; हा प्रतिध्वनी किती उशिरा आला यावरून अंतर कळते. यान पुढे सरकत असल्याने वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून जागा ठरते. असे अनेक प्रतिध्वनी जुळवले की लहानशी तबकडी कैकपट मोठ्या तबकडीचे काम करते. शंभर-सव्वाशे मीटरचा तपशील त्यामुळेच दिसला.

ही चित्रे छायाचित्रे नव्हेत. खडबडीत जमीन उजळ, गुळगुळीत जमीन काळी, असा ढोबळमानाने त्यांचा हिशेब. प्रसिद्ध नारिंगी रंग नंतर चढवलेला आहे, व्हेनेरा-१३ व १४ ने जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधाराने. मात पर्वताच्या गाजलेल्या चित्रात तर उंची २२.५ पट ताणली आहे. प्रत्यक्षात हा आठ किमी उंचीचा ज्वालामुखी चांगलाच पसरट आहे.

इथल्या ठिकाणांना स्त्रियांची नावे देतात. एक विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे आहे, तर ‘मेधावी’ हे पंडिता रमाबाईंच्या. सर्वांत उंच मॅक्सवेल पर्वत मात्र पुरुषाच्या नावाचा. विद्युतचुंबकीय लहरींचे गणित मांडणाऱ्याला हा अपवाद शोभतो.

मॅगेलन १९९४ मध्ये शुक्राच्या वातावरणात उतरवून संपवले गेले. त्याची चित्रे मात्र अजून चाळली जातात. मात पर्वताजवळचे एक ज्वालामुखीमुख फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९१ दरम्यान सुमारे २.२ वरून ४ चौ. किमी झाल्याचे २०२३ मध्ये ध्यानात आले. दोन्ही चित्रे वेगवेगळ्या कोनांतली असल्याने ती ताडून पाहणे सोपे नव्हते.