झूम लेन्समध्ये सरळ रेषा का वाकतात?

२४-७० मिमीची झूम लेन्स २४ वर ठेवून इमारतीचा फोटो काढला, की फ्रेमच्या कडेचा खांब बाहेर फुगलेला दिसतो. हे बॅरल डिस्टॉर्शन. ७० वर बहुधा तोच खांब आत दबतो, ते पिनकुशन. अधल्यामधल्या एखाद्या फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) तो जवळजवळ सरळ असतो.

याचं मूळ विशालनात, म्हणजे लेन्स वस्तू किती मोठी दाखवते त्यात आहे. मध्यभागापेक्षा कोपऱ्यात विशालन कमी पडलं की बॅरल, जास्त झालं की पिनकुशन. डायफ्रामच्या (लेन्समधल्या प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पडद्याच्या) दोन्ही बाजूंना सारखीच भिंगं असतील, तर एकीकडचा दोष दुसरीकडे फिटतो. १८६६ सालच्या रॅपिड रेक्टिलिनिअर लेन्सची रचना अशीच होती. झूममध्ये भिंगांचे गट पुढेमागे सरकतात, त्यामुळे हा तोल प्रत्येक फोकल लेंग्थला टिकत नाही. अ‍ॅपर्चर (ते छिद्र) लहान करूनही फरक पडत नाही. प्रतिमेतल्या बिंदूची जागा डायफ्रामच्या मध्यातून जाणारा किरण ठरवतो, आणि तो तर f/१६ इतक्या बारीक छिद्रातूनही आत येतोच.

आपली लेन्स तपासायला विटांची भिंत पुरते. फ्रेमच्या मध्यावर भिंतीला सपाट आरसा टेकवा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यात येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. कॅमेरा भिंतीला समांतर झाला. आरसा काढून २४, ३५, ५० आणि ७० वर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घ्या, आणि ते सॉफ्टवेअरमधलं लेन्स करेक्शन बंद करून उघडा. वरच्या कडेजवळची विटांची ओळ मध्यापेक्षा टोकांना ४० पिक्सेल खाली उतरली आणि फोटोची उंची ४००० पिक्सेल असेल, तर डिस्टॉर्शन १ टक्का. निसर्गचित्रात एवढं कळतही नाही, वास्तूच्या फोटोत मात्र डोळ्यात भरतं. फोकसच्या अंतरानुसारही हा आकडा थोडा बदलतो.

ओळ मध्ये फुगून टोकांना उलटी वळत असेल, तर सॉफ्टवेअरमधल्या डिस्टॉर्शनच्या एका स्लायडरने ती सरळ होत नाही. तिथे त्या लेन्सचं प्रोफाइलच, म्हणजे तिच्या दोषांची मोजून ठेवलेली माहिती लागते. प्रोफाइल क्रॉपच्या (फोटो कापण्याच्या) आधी लावा, कारण दुरुस्तीचा मध्य हा मूळ फ्रेमचा मध्य असतो. बॅरल काढताना कोपरे ताणले जातात, तिथला बारकावा घटतो आणि कडा कापल्या जातात. म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंना जागा सोडावी.

कॅमेरा वर झुकवल्यावर इमारत निमुळती दिसते, पण तिच्या रेषा सरळच राहतात. तो पर्स्पेक्टिव्हचा परिणाम, लेन्सचा दोष नव्हे. २४ वर काढलेल्या ग्रुप फोटोत कडेचे चेहरे रुंदावतात तेही त्यामुळेच, आणि बॅरल काढलं की ते आणखी ताणले जातात. अशा फोटोत प्रोफाइलची मात्रा निम्म्यावर आणणंच बरं.